कुठलं वडगाव?

टेलिफोन कसा करावा, हा काय इतिहास शिकवणाऱ्या माणसाने बोलायचा विषय झाला, असे तुम्हांला वाटेल. आणि तेही लहान मुलांनी कसा करावा! पोरांच्या हातातून फोन काढून घेता घेता आईबापांच्या नाकी नऊ आले आहेत, आणि हे गृहस्थ म्हणतात त्यांना फोन करायला शिकवा. तुमचे म्हणणे खोटे नाही. आमच्या घरीही तीच तऱ्हा आहे. पण ज्या मुलाला फोनवरची गाणी आणि खेळ डोळे मिटून लावता येतात, त्याच मुलाला त्याच फोनवरून मदत मागता येत नाही, हे मी माझ्या नात्यातच पाहिले. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माझ्या चुलतबहिणीचे सासर वडगावचे. गावात जुने घर आहे, पण माणसे राहतात मळ्यात, गावापासून दीड-दोन किलोमीटरवर. दोन वर्षांपूर्वी ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत घरची सगळी रानात होती. घरी फक्त बहिणीच्या सासूबाई आणि आठ वर्षांचा नातू. आजी चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडल्या. तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. पोरगा घाबरला, पण हातपाय गाळून बसला नाही. रुग्णवाहिकेचा नंबर त्याला पाठ होता; गाडीवरच तो मोठ्या आकड्यांत लिहिलेला असतो. घरातला बटणांचा साधा फोन घेऊन त्याने नंबर लावला. पलीकडून लगेच एका बाईंचा आवाज आला. काय झालं बाळ? आजी पडली. कुठून बोलतोस? आमच्या घरून. गाव कोणतं? वडगाव. कुठलं वडगाव?

यावर तो म्हणाला, "आमचं वडगाव."

बाईंनी तालुका विचारला, जिल्हा विचारला. पोराच्या लेखी तालुका म्हणजे जिथे आठवड्याचा बाजार भरतो ते गाव. आणि जिल्हा हा शब्द त्याने फक्त पुस्तकात वाचलेला. तो रडू लागला आणि त्याने फोन ठेवला. त्यांनी परत लावला तेव्हा फोन खाटेवर वाजत होता आणि हा अनवाणी रानाकडे धावत सुटला होता. पुढे शेजारच्या मळ्यातली जीप मिळेपर्यंत तास गेला. आजी वाचल्या. उजवा हात मात्र अजून उचलत नाही. अर्धांगाच्या झटक्यात मिनिटा-मिनिटाला किंमत असते, असे डॉक्टर म्हणाले.

आता यात चूक कोणाची म्हणावी? फोन चालू होता. नंबर बरोबर होता. पलीकडची बाई मायेने विचारत होती. पोरगा तर वयाच्या मानाने शूरच. फक्त वडगावे फार! कोल्हापूर जिल्ह्यात पेठ वडगाव आहे, बारामती तालुक्यात वडगाव निंबाळकर आहे, मावळात वडगाव आहे. त्या मावळातल्या वडगावाला १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला कोंडीत पकडून तह लिहून घेतला. तो मी दर वर्षी वर्गात शिकवतो. शिवाय बुद्रुक आणि खुर्द आहेतच. वड दिसला की वडगाव आणि पिंपळ दिसला की पिंपळगाव, अशी नावे ठेवताना आपल्या पूर्वजांनी पुढे कधी कोणी शंभर कोसांवरून गाव शोधील असे मनातही आणले नसेल.

त्यांनी ते आणण्याचे कारणही नव्हते. मदतीची हाक तेव्हा कानाच्या टप्प्यातच दिली जाई. गंजीला आग लागली की आरोळी उठे, देवळातली घंटा बडवली जाई, रात्री जागल्या हाळी देई. ऐकणारा माणूस त्याच गावचा. आवाज कोणत्या आळीतून आला, कोणाच्या वाड्यातून आला, हे त्याला कानानेच कळे. म्हणजे हाक आपला पत्ता आपल्याबरोबर घेऊनच येत असे. आणि हाक मारायला वय लागत नाही. चार वर्षांचे पोर विहिरीच्या काठावरून किंचाळले तरी माणसे धावत. हाकेतल्या या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचा इतिहास चटकन उलगडतो. माणसाने हाक लांब पोहोचवण्याची युक्ती काढली, तेव्हा कधी त्यातला पत्ता हरवला, कधी त्यातून पोर हरवले.

पहिली मोठी युक्ती अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने १८५२ साली केली. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लोखंडी पेट्या बसवल्या आणि त्या तारायंत्राने मुख्य कचेरीला जोडल्या. आग दिसली की पेटी उघडायची आणि आतली मूठ फिरवायची. पेटी आपला स्वतःचा क्रमांक ठोक्यांनी तारेवर धाडी. कचेरीत ठोके मोजले की आग कुठल्या कोपऱ्यावर आहे ते कळे. किती शहाणी पेटी! बोलणारा घाबरला, तोतरा झाला, मुका असला तरी पत्ता चुकायचा नाही. पण पेटीला कुलूप असे आणि किल्ली जवळपासच्या भरवशाच्या माणसाकडे किंवा पोलिसाकडे ठेवलेली असे, नाहीतर उनाड पोरे उगाच मूठ फिरवतील ही भीती. म्हणजे पत्ता पेटीत आला आणि पोर पेटीबाहेर राहिले.

मग टेलिफोन आला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १० मार्च १८७६ रोजी तारेवरून जे पहिले वाक्य स्पष्ट ऐकवले, ते शेजारच्या खोलीतल्या आपल्या मदतनिसाला ‘इकडे ये’ म्हणून बोलावण्याचेच होते. टेलिफोनचा जन्मच अशा रीतीने बोलावण्यातून झाला. दोनच वर्षांनी अमेरिकेत पहिले एक्स्चेंज निघाले, आणि १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथेही. त्या काळी टेलिफोनला तबकडी नव्हती, आकडे नव्हते. कानाला नळी लावली की एक्स्चेंजमधला माणूस विचारी, कोण हवंय? पुढे या कामावर बहुतेक बायकाच आल्या. लहान गावातल्या एक्स्चेंजमधल्या बाईला सगळे गाव ठाऊक. फलाण्या घरचा दिवा लागला म्हणजे कोण बोलतो आहे, त्या घरी आजारी कोण आहे, डॉक्टर या वेळी कुठे सापडेल, सगळे तिच्या डोक्यात. एखाद्या पोराने स्टुलावर चढून नळी उचलली आणि नुसते ‘आई’ म्हणून हुंदका दिला, तरी तिला उमगायचे. हाकेचे दोन्ही गुण तिच्यापाशी पुन्हा एकत्र आले होते.

पण यंत्राला माणसाची अडचण होते. आल्मन स्ट्रॉजर नावाच्या अमेरिकेतल्या एका गृहस्थाने १८९१ साली आपोआप जोडणी करणाऱ्या एक्स्चेंजचे पेटंट घेतले. हा गृहस्थ अंत्यविधीचे सामान पुरवणारा. दुसऱ्या एका तसल्याच दुकानदाराची बायको एक्स्चेंजमध्ये कामाला होती आणि ती याची गिऱ्हाइके नवऱ्याकडे वळवी, त्या रागाने याने हे यंत्र शोधले, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे. यंत्र मात्र जगभर गेले. तबकडी फिरवा, नंबर लागेल. मधली बाई गेली, आणि तिच्याबरोबर तिचे शहाणपणही गेले.

ते जाण्याची किंमत काय पडते, हे लंडनला एका पहाटे कळले. तारीख १० नोव्हेंबर १९३५. विम्पोल स्ट्रीटवरच्या एका डॉक्टरांच्या घराला आग लागली. समोर राहणाऱ्या एका गृहस्थांनी फोन उचलून ऑपरेटरकडे लावला. उत्तर येईना. एक्स्चेंजमध्ये बोलावणी रांगेत येत असत आणि प्रत्येकाचा दिवा सारखाच पेटे. घर जळत असलेल्याचा दिवा आणि न्हाव्याची वेळ ठरवणाऱ्याचा दिवा, दोन्ही एकाच रंगाचे. त्या आगीत पाच स्त्रिया मेल्या. समोरच्या गृहस्थांनी ‘टाइम्स’ पत्राला संतापून पत्र लिहिले, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा संकटाचा वेगळा नंबर सुरू झाला. तो लागला की एक्स्चेंजमध्ये तांबडा दिवा लुकलुके आणि भोंगा वाजे, म्हणजे हातातले काम टाकून आधी तो घ्यायचा.

नऊच का, हे ऐकण्यासारखे आहे. जुन्या तबकडीवर एक फिरवला की तारेवर एक ठोका पडे, नऊ फिरवला की नऊ. वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या तरी एकेक ठोका पडून १११ आपोआप लागण्याची भीती होती. शून्य ऑपरेटरला दिलेला. उरला नऊ. तबकडीवर बोट अडवणारी जी पट्टी असते तिच्याशेजारी शून्याचे भोक आणि त्याच्या शेजारी नऊचे. म्हणजे धुरात, अंधारात, नुसते चाचपूनही ते सापडावे. आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक टेलिफोनच्या खोलीतून शून्य फुकट लागण्याची सोय आधीच होती. तिच्यात थोडा बदल करून नऊही फुकट करणे सोपे होते. खिशात पैसा नसलेल्या पोरालाही आता मदत मागता येणार होती. एवढा बारीक विचार एका आकड्यामागे झाला, याचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडे असा विचार कोणी केला असता तर त्याच्यावर अहवाल निघून तो कपाटात गेला असता, असे मी म्हणणार होतो; पण पुढे सांगणार आहे त्या मुंबईच्या हकिगतीवरून माझे मलाच ते मागे घ्यावे लागले.

लंडनच्या पहिल्या आठवड्यात १,३३६ फोन आले, त्यांतले ९१ टवाळखोरांचे. आणि त्याच सुमाराला हॅम्पस्टेड भागातल्या एका बाईंनी पहाटे घराबाहेर चोराची चाहूल लागताच ९९९ फिरवला आणि चोर सापडला. यामुळे लोकांचा भरवसा बसला. तरी सबंध देशभर हा नंबर पोहोचायला १९७६ साल उजाडले.

जपान्यांची हकिगत थोडी गमतीची आहे. त्यांनी आगीसाठी १९२६ साली ११२ हा नंबर ठरवला, कारण तबकडीवर तो झटकन फिरतो. पण झटकन फिरतो म्हणूनच तो चुकून लागू लागला. मग १९२७ साली त्यांनी तो ११९ केला. शंभर वर्षांपूर्वी जपानने टाकलेला तोच ११२ आज आपला राष्ट्रीय नंबर आहे. आता तबकड्या नाहीत, तेव्हा ती अडचणही नाही.

अमेरिकेला एका नंबरावर यायला बराच उशीर झाला. देश मोठा, टेलिफोन कंपन्या अनेक, प्रत्येक गावच्या पोलिसांचा नंबर वेगळा. १९६८ च्या जानेवारीत तिथल्या सर्वांत बलाढ्य कंपनीने ९११ हा नंबर जाहीर केला, आणि ती तयारीत असतानाच अलाबामा राज्यातल्या हॅलिव्हिल नावाच्या लहानशा गावी एका लहान कंपनीने १६ फेब्रुवारी १९६८ रोजी पहिला ९११ चा फोन लावूनही दाखवला. मोठ्यांच्या नाकावर टिच्चून केलेल्या अशा गोष्टी इतिहासात वाचायला बऱ्या वाटतात.

मात्र आपल्याला त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते पुढेच. नंबर झाला, पण तो वापरणार कोण? घरी आई बेशुद्ध पडली आणि दुसरे मोठे माणूस नसले तर चार-पाच वर्षांचे मूलच. तेव्हा बालवर्गातच हा धडा द्यायला हवा, हे तिथल्या शिक्षकांनी आणि बंबवाल्यांनी ओळखले. शिकवायला लागल्यावर एक विलक्षण अडचण पुढे आली. सुरुवातीला हा नंबर काही ठिकाणी ‘नाईन-इलेव्हन’ असा सांगितला जाई. मुले फोनवर अकराचे बटण शोधत बसू लागली! शून्य ते नऊ एवढीच बटणे, अकरा कुठून सापडणार? मोठ्या माणसाच्या हे ध्यानीमनीही येत नाही. तेव्हापासून तिथे कटाक्षाने ‘नाईन-वन-वन’ असेच शिकवतात. पुढे १९८९ ते १९९६ पर्यंत तिथे ‘रेस्क्यू ९११’ नावाचा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम चाले. खऱ्या प्रसंगांवर बेतलेला तो कार्यक्रम पाहून मुलांना एक गोष्ट कळली, की फोन लावणे आपलेही काम असू शकते.

आणि त्याच काळात तिथे पत्त्याचीही सोय झाली. १९७० नंतर अशी यंत्रे आली की ९११ लागताच ज्या घरातून फोन आला त्या घराचा पत्ता कचेरीत आपोआप दिसे, कारण तार त्या घराला बांधलेली होती. बॉस्टनची शहाणी पेटी आता घरोघर आली म्हणा ना. मुलाने नुसती नळी उचलून नंबर दाबला तरी गाडी दारात. असे वाटले, प्रश्न सुटला. तेवढ्यात मोबाइल आला आणि तार तुटली. फोन माणसाबरोबर हिंडू लागला आणि पत्ता पुन्हा हरवला. टॉवरवरून अंदाज काढता येतो; शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे तो बराच बरोबर निघतो. रानात एकेक टॉवर कित्येक किलोमीटरला पुरवलेला असतो, तिथे अंदाजाचे वर्तुळही तेवढेच मोठे होते. नव्या फोनमध्ये उपग्रहावरून जागा कळण्याची सोय आहे हे खरे. पण माझ्या भाच्याच्या हातात होता तो बटणांचा फोन होता.

आता आपल्या देशाकडे येऊ. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा उभ्या हिंदुस्थानात टेलिफोन एक लाखसुद्धा नव्हते. खेड्यात फोन असलाच तर पोस्टात, नाहीतर एखाद्या बड्या बागाईतदाराकडे. ज्यांनी ट्रंक कॉल लावला आहे त्यांना आठवत असेल: साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल, आणि जसजशी घाई तसतसा दर चढा. म्हणजे संकट जेवढे मोठे तेवढे पैसे जास्त. मुलाने फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. पोस्टमास्तर त्याला फळीपाशीही उभे करते ना. शहरांत पोलिसांचा १००, बंबाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०२ असे नंबर रुळले, पण गावच्या माणसाला ते सिनेमात पाहून ठाऊक.

आणि आता ती मुंबईची हकिगत. १९९६ च्या जूनमध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी एक मोफत टेलिफोन सेवा सुरू केली. स्टेशनांच्या फलाटांवर झोपणारी ही मुले रात्री-अपरात्री मारहाण झाली, कोणी आजारी पडले की या बाईंना घरी फोन करत. त्यातून ही कल्पना निघाली. नंबर १०९८. पण तो ‘एक हजार अठ्ठ्याण्णव’ असा कोणी म्हटला नाही. मुलांनीच त्याचे नाव ठेवले, ‘दस-नौ-आठ’. दहापासून उलटे मोजायचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलालाही तेवढे येते. तिकडे अमेरिकेत शिक्षकांना जे ठेचकाळून कळले, ते इथे फलाटावरच्या पोरांनी आधीच ओळखले. ती सेवा पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास खात्यामार्फत चालते आणि ११२ शी जोडली गेली आहे. नंबर तोच राहिला, हे बरे झाले.

रुग्णवाहिकेचा १०८ हैदराबादेत २००५ साली निघाला, महाराष्ट्रात तो २०१४ च्या जानेवारीत आला. आणि सगळ्यांचा मिळून एकच नंबर असावा या विचाराने, २०१२ च्या दिल्लीतल्या त्या भयंकर घटनेनंतर हालचाली होऊन, ११२ ठरला. युरोपात तो १९९१ सालीच ठरलेला होता. आपल्याकडे २०१८ साली पहिल्याने हिमाचल प्रदेशात सुरू झाला, आणि २०२१ पासून महाराष्ट्रात. पोलीस, बंब, रुग्णवाहिका, काहीही हवे असो, हा एक नंबर पुरे. मात्र पूर्वी फोन आपल्या जिल्ह्याच्या ठाण्यात वाजे, आता तो उचलणारा माणूस सबंध राज्याचे फोन घेतो. त्याला तुमचे वडगाव माहीत असण्याचे कारण नाही. एक्स्चेंजमधली ती गाव ओळखणारी बाई आता परत येणार नाही. तिच्या डोक्यात जे होते ते आता मुलाच्या तोंडी घालावे लागणार.

इथून पुढचे मी शिक्षक बंधुभगिनींना उद्देशून बोलतो, आईबापांनी ऐकावे.

पहिली गोष्ट आकड्याची. पहिली-दुसरीतल्या मुलाला ‘एकशे बारा’ लिहायला सांगा. निम्मी पोरे १००१२ लिहितील, हे तुम्हांला मी सांगायला नको. एकशे म्हणजे एकावर दोन शून्ये, मग बारा. त्याच हिशेबाने ती फोनवरही दाबणार. म्हणून हा नंबर ‘एक-एक-दोन’ असाच म्हणायचा, ‘एक-शून्य-आठ’ असाच म्हणायचा. नुसते म्हणून भागत नाही, बोट फिरले पाहिजे. फळ्यावर फोनच्या बटणांचे चित्र काढावे आणि प्रत्येकाने येऊन दाबून दाखवावे. खरा फोन लावून सराव करू नये. पलीकडे त्याच वेळी कोणाचे तरी घर पेटलेले असते. आणि मुलाने चुकून लावलाच तर त्याच्या पाठीत धपाटा घालू नका. ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ एवढे बोलून मग ठेवायला शिकवा. धपाटा खाल्लेले मूल खऱ्या संकटातही फोनला हात लावणार नाही.

पत्त्याचे काम जास्त अवघड. शहरातल्या मुलाला घराचा नंबर असतो, गल्लीला नाव असते. आपल्या वस्तीवरच्या मुलाचा पत्ता म्हणजे ‘पांदीनं खाली आलं की आमचं’. तेव्हा त्याला चार गोष्टी एका दमात म्हणता आल्या पाहिजेत: वस्ती, गाव, तालुका, जिल्हा. परवचा म्हणतो तसे रोज. त्याला जोडून गाडीवाल्याला डांबरी रस्त्यावरून दिसेल अशी एक खूण. फाटा, एस.टी.चा थांबा, पाण्याची टाकी, दूध संकलन केंद्र, किलोमीटरचा दगड, काहीही. फक्त ती मुलाने स्वतः पाहिलेली हवी. आमच्या एका विद्यार्थ्याने, आता तो प्राथमिक शिक्षक आहे, वर्गातल्या मुलांना घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत जाऊन पहिली खूण लिहून आणायला सांगितली. तिघांनी ‘म्हैस’ असे लिहून आणले. म्हैस रोज तिथेच बांधलेली असते हे खरेच असेल; पण रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला ती कशी कळणार, यावर वर्गात पाऊण तास वाद झाला म्हणे. तो पाऊण तास भूगोलाच्या कोणत्याही तासापेक्षा चांगला गेला असणार.

भाषेची भीती मात्र घालू नका. मुलाने आपल्या बोलीत बोलावे. पलीकडचा माणूस मराठी बोलतो, आणि ‘आजी पडल्यात, उठंनात’ हे वाक्य कोणत्याही शुद्ध वाक्याइतकेच स्पष्ट आहे. पलीकडून ‘ठेव’ म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही, आणि ठेवल्यावरही जवळच ठेवायचा, एवढे पक्के बजावा. आग असली तर आधी घराबाहेर पडायचे आणि मग फोन. कोणी विहिरीत पडले तर मागोमाग उडी टाकायची नाही. ओरडायचे आणि फोन करायचा. जुनी हाक अजून बाद झालेली नाही.

एका गोष्टीत आपणच मुलांचा घोटाळा करतो. अनोळखी माणसाला नाव सांगू नकोस, घर कुठे ते सांगू नकोस, असे आपण रोज शिकवतो, आणि हल्लीच्या लबाड फोनांमुळे ते शिकवणे भागच आहे. मग पलीकडच्या अनोळखी बाईने पत्ता विचारला की शहाणे मूल गप्प बसते. भाचा रडू लागला त्यात हेही होते, हे त्यानेच मला नंतर सांगितले. "मामा, आई म्हणाली होती कोणाला सांगायचं नाही." तेव्हा मुलाला नीट फोड करून सांगावे: कोणी आपल्याला फोन केला तर सांगायचे नाही, आपण मदतीला फोन केला तर सगळे सांगायचे. हा फरक पाच वर्षांच्या मुलालाही समजतो.

फोनला कुलूप असले तरी संकटाचा नंबर लागतो. कुलपाच्या पडद्यावर ‘इमर्जन्सी’ हा शब्द असतो, बहुधा इंग्रजीत. त्याचा आकार मुलाला ओळखता यावा, वाचता नाही आला तरी चालेल. बटणांच्या फोनवर पाचाचे किंवा नवाचे बटण दाबून धरले, आणि पडद्याच्या फोनवर बाजूचे चालू-बंदचे बटण तीनदा झटपट दाबले, की संकटाचा फोन लागावा, असा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ पासून नव्या फोनांना लागू केला गेला. तुमच्या घरातल्या फोनवर ती सोय कशी आहे हे आधी तुम्ही पाहून घ्या आणि मग मुलाला दाखवा.

मागच्या दिवाळीत मी वडगावला गेलो होतो. आजी ओसरीवर बसल्या होत्या, डाव्या हाताने शेंगा फोडत. त्या नातवाच्या अंगावर ओरडत होत्या, की याने दारामागची भिंत खडूने खराब केली. मी जाऊन पाहिले. वस्ती, गाव, तालुका, जिल्हा, आणि खाली ‘पाण्याच्या टाकीपासून डावीकडे’. ‘डावीकडे’ आधी ‘उजवीकडे’ असे लिहिले होते आणि मग पुसून पुन्हा लिहिले होते. मी विचारले, हे का खोडलंस? तो म्हणाला, "मी घरून बघून लिहिलं होतं मामा. गाडी तर तिकडून येणार ना."